शोकाचे सात दिवस

मृत्यूनंतर सात दिवस ज्यू कुटुंबाने घरी बसून जो शोक पाळावयाचा, त्यास ‘शिवआ’ म्हणतात. आमच्या वाचकांस ह्या शब्दाने शंकराचे स्मरण होईल. परंतु हिब्रूत त्याचा अर्थ ‘सात’ एवढाच. रोनित आणि श्लोमी एल्काबेत्झ ह्या बहीणभावांनी लिहून दिग्दर्शित केलेल्या २००८ मधील चित्रपटाचे नावही हेच आहे. वाङ्मयीन नियतकालिकात त्याचा विचार आम्ही करतो, ह्याचे कारण त्याच्या संहितेची बांधणी. येथे विधी ही नाट्याची पार्श्वभूमी नसून नाट्याचे कारणच आहे.

काळ १९९१चा, आखाती युद्धाचा. मोरोक्कोहून इस्रायलला आलेल्या एका मोठ्या कुटुंबातील भाऊ वारला आहे. दफन चालू असतानाच भोंगा वाजतो आणि शोक करणारे वायुरोधक मुखवटे चढवितात. पुढे सारी भावंडे विधवेच्या घरी एकत्र राहतात, जमिनीवर गाद्या घालून निजतात. शोककाळात कामधंदा वर्ज्य. आता हाइम ह्या भावाचा कारखाना बुडावयास आला आहे, त्यास भावांकडून पैसा हवा आहे. व्हिव्हियान नवऱ्यापासून वेगळी झालेली, आणि तो नेमका समाचारास येऊन बसतो. एरवी अशा वेळी माणूस उठून बाहेर जातो. येथे उठण्याची सोय नाही! मृताविषयीचा आदरच त्यांना एकमेकांसमोर बसवून ठेवतो.

आमच्याकडील सुतकाशी ह्याची तुलना मनात येणे साहजिक आहे. सुतकात अशौचाची कल्पना प्रधान. समाचारास येणारा त्या घरचे पाणीही घेत नाही. शिवआमध्ये असे अंतर नाही. दार उघडे असते, शेजारी अन्न घेऊन येतात, प्रार्थनेस माणसे जमतात. त्यामुळे भांडण पुन्हापुन्हा गिळावे लागते आणि पाहुणा वळताच ते अधिक कडवट होऊन वर येते. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’मध्ये (१९८५) वडिलांच्या मृत्यूनंतर जमलेले कुटुंब तेराव्याच्या खर्चावरून दुभंगते. तेथे प्रश्न विधीवर किती खर्चावे हा. हाइमला मात्र विधी दिवसांचे मोल मागतो, आणि दिवस हेच त्याच्यापाशी उरलेले नाहीत. हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

दोषही सांगितला पाहिजे. भावंडे आणि त्यांच्या जोडीदारांची गर्दी इतकी आहे की कोण कोणाचे, हे कळेपर्यंत बराच वेळ जातो. उत्तरार्धातील काही प्रसंगी आवाज चढतो तो पात्रांच्या गरजेपेक्षा लेखकांच्या गरजेने, असा संशय येतो. जुनी उणीदुणी एकामागून एक निघत राहिली की त्यांची धार जाते. ह्याउलट जेथे कॅमेरा स्थिर राहून नुसते बसलेले देह दाखवितो, तेथे कलह न बोलताही समजतो.

भाषेचा उपयोग तर विशेष लक्षणीय आहे. संवादांत हिब्रू, फ्रेंच आणि मोरोक्कोची अरबी मिसळलेली आहेत. परक्या मुलखात मुळे धरून राहिलेल्या मराठी घरांतून दोनतीन भाषा अशाच एका वाक्यात नांदतात, हे बेळगाव वा हैदराबाद येथील आमच्या सभासदांस सांगावयास नको. आईच्या आक्रोशाला मात्र तिची अरबीच लागते.