दुसरं नाव की नवा टाइप? सिंटॅक्स ट्रीमधला एक दुर्लक्षित नोड

कंपायलर प्रोग्रॅम वाचताना आधी त्याचं सिंटॅक्स ट्री करतो, हे आपल्या नेहमीच्या श्रोत्यांना नव्याने सांगायला नको. आजचा प्रश्न त्या ट्रीच्या एका कोपऱ्यातला आहे. प्रोग्रॅमरने स्वतःचा टाइप लिहिला, तर त्याची नोंद ट्रीमध्ये कशी व्हावी? सी, गो आणि पायथन यांनी तीन वेगळी उत्तरं दिली आहेत. आमच्या मते त्यातलं एकही पुरं पडत नाही. का, ते बघू.

उदाहरण शहापूर-मुरबाडकडचं घेऊ. तिकडचं मुख्य पीक भात. घरात भात मापायची जुनी रीत पायलीची, म्हणजे चार शेरांची. शासकीय खरेदीत मात्र क्विंटल चालतो. पायली हे मापाचं भांडं आणि क्विंटल हे वजन. पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ काट्यावर सारखे भरत नाहीत. शिवाय 2024-25 च्या हंगामात साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला 2300 रुपये होती, तर ‘अ’ दर्जाच्या भाताची 2320.

आता समजा, कुणी या खरेदीसाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला. मशीनच्या लेखी पायली, साधारण भाताचा क्विंटल आणि ‘अ’ दर्जाचा क्विंटल हे सगळे नुसते दशांश आकडे. त्यांची आपसात बेरीज झाली तर मशीन हूं की चूं करणार नाही, आणि चूक थेट शेतकऱ्याच्या पावतीवर उतरेल. म्हणून प्रोग्रॅमरला दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगता यायला हव्यात. एक, ‘हे त्याच टाइपचं दुसरं नाव आहे’. दोन, ‘आतून आकडाच असला तरी हा टाइप वेगळा आहे, मिसळू नका’.

सीपासून सुरुवात करू. तिथे ‘टाइपडेफ’ फक्त दुसरं नाव देतं. पायली आणि क्विंटल दोन्ही ‘डबल’वर बेतले, तर त्यांची बेरीज बिनबोभाट होते. व्याकरणात तर ‘टाइपडेफ’ला ‘स्टॅटिक’ आणि ‘एक्स्टर्न’च्या पंगतीत बसवलंय, म्हणजे टाइपची व्याख्या दिसते व्हेरिएबलच्या घोषणेसारखी. त्याचा परिणाम बघा. ‘मण * क;’ अशी ओळ आली, तर हा गुणाकार की पॉइंटरची घोषणा? मण हे टाइपचं नाव आहे का, हे माहीत असल्याशिवाय पार्सरला ते ठरवता येत नाही. ट्री बांधतानाच नावांची यादी जवळ ठेवावी लागते. क्लँग कंपायलरने ट्रीमध्ये मूळ टाइपच्या जोडीला लिहिलेलं नावही जपलं, म्हणून त्याच्या चुकीच्या संदेशात दोन्ही दिसतात. हे चांगलंच झालं. पण ही कंपायलरची हुशारी झाली, भाषेची नव्हे.

गोमध्ये फरक करता येतो. ‘टाइप मण फ्लोट64’ लिहिलं की नवा टाइप. ‘टाइप मण = फ्लोट64’ लिहिलं की दुसरं नाव; ही सोय 2017 साली 1.9 आवृत्तीत आली. भाषेने इथे बरोबर केलं, पण ट्रीने नाही. दोन्हींसाठी ‘टाइपस्पेक’ हा एकच नोड आहे, आणि फरक कशावर ठरतो? बरोबरचं चिन्ह फाइलमध्ये कोणत्या जागी आहे, याची नोंद असलेल्या एका रकान्यावर. जागा शून्य असेल तर नवा टाइप, नाहीतर दुसरं नाव. म्हणजे ओळ कुठे आहे हे सांगणारी माहिती अर्थ वाहते. एखाद्या टूलने ट्रीमधल्या जागा पुसून टाकल्या, तर दुसऱ्या नावाचा नवा टाइप होऊन बसतो. गोची बाजूही सांगायला हवी. नवा नोड आणला असता तर ट्री वाचणारी जुनी टूल्स त्याला ओळखू शकली नसती, आणि जुनं मोडायचं नाही हे गोचं वचन आहे. कारण समजण्यासारखं आहे, पण किंमत प्रत्येक नवं टूल लिहिणाऱ्याने मोजायची.

पायथनने 2023 मध्ये 3.12 आवृत्तीत दुसऱ्या नावासाठी स्वतंत्र ‘टाइपएलियस’ नोड आणला. त्यात नाव, टाइपचे पॅरामीटर आणि मूल्य असे तीन भाग असतात. त्याआधी ती साधी असाइनमेंट असायची आणि टूल्स अंदाज बांधायची. हा नोड छान आहे. पण नवा टाइप हवा असेल तर अजून ‘न्यूटाइप’ बोलवावं लागतं, आणि ट्रीमध्ये ते इतर कुठल्याही असाइनमेंटसारखंच दिसतं. शेतकऱ्याला जो फरक लागतो, तोच नेमका नोडाविना राहिला.

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. गोच्या उदाहरणात आम्ही मुद्दाम ‘मण’ घेतला. गोच्या नियमाने नावात अक्षरं आणि अंक चालतात, पण आपल्या काना-मात्रा-वेलांट्या आणि अनुस्वार युनिकोडमध्ये अक्षरं म्हणून मोजल्या जात नाहीत. त्यामुळे ‘मण’ चालतो, आणि ‘पायली’, ‘शेर’, ‘खंडी’ अडतात. मण तरी पॅकेजबाहेर कुठे जातो? त्यासाठी पहिलं अक्षर कॅपिटल लागतं, आणि देवनागरीत कॅपिटल नाहीच. पायथनमध्ये ‘पायली’ सरळ लिहिता येते. नोड कितीही नेटका असला, तरी त्यात नावच शिरत नसेल तर ज्यांचा हिशेब आहे त्यांना तो प्रोग्रॅम वाचून तपासता येणार नाही.

मग आमची मागणी काय? दोन वेगळे नोड: एक दुसऱ्या नावाचा, एक नव्या टाइपचा. दोन्हींत नाव जसं लिहिलं तसं आणि व्याख्या जशी लिहिली तशी. पायली शेवटी आकडाच आहे, हे शोधणं टाइप तपासणाऱ्या पुढच्या टप्प्याचं काम; ट्रीने ती घाई करू नये. प्रोग्रॅमर काय म्हणाला ते ट्रीने राखावं, त्याचा अर्थ नंतर लावता येतो. म्हटलेलंच हरवलं, तर पुढचा कुठलाही टप्पा ते परत आणू शकत नाही.

तुम्ही वापरता त्या भाषेत हे दोन्ही लिहून तिचं ट्री छापून बघा. दोन नोड दिसतात की एक, ते आम्हाला जरूर कळवा.