नकार कोणाचा, प्रवेश कोणाला? : लावणी, बारी आणि 'सार्वजनिक मनोरंजनाची स्थाने'

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांच्याबरोबर 'सार्वजनिक मनोरंजनाची स्थाने' असा स्वतंत्र उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला अशा ठिकाणी अटकाव करता येत नाही. 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, म्हणजे 1976 नंतरच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने, याला दंडाचे पाठबळ दिले आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हाही अपराध ठरवला. या तरतुदींमागे दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसाचा इतिहास आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या इतिहासात एक विलक्षण पेच आहे. ज्या महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी समाजांना गावाच्या पंगतीत स्थान नव्हते, त्याच समाजांतील स्त्रिया गावाच्या मनोरंजनाच्या केंद्रस्थानी उभ्या होत्या. हातचे पाणी चालत नव्हते, पायांतली चाळे चालत होती. समान प्रवेशाचा हक्क मागणारा समूह आणि ज्याच्या अंगप्रत्यंगावर इतरांनी प्रवेशाचा हक्क गृहीत धरला तो समूह, हे बहुतांशी एकच होते.

लावणीविषयीच्या मराठी समीक्षेने या पेचाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. शृंगार की अश्लीलता, लोककला की नागर कला, हे वाद दीर्घकाळ चालले. परंतु हे सारे प्रश्न प्रेक्षकाच्या बाजूचे आहेत. शर्मिला रेगे यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात लावणी-कलावतीच्या लैंगिकतेवरील जातीय वर्चस्वाचा विचार मांडला आणि चर्चेची दिशा बदलली. तरीही कलावतीला नेमके काय नाकारता येते, हा साधा प्रश्न शिल्लक राहतो. तो कायद्याचा आहे तसाच संहितेचाही आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

संहितेपासून आरंभ करू. पेशवाईतील राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर हे लावणीकार पुरुष. लावणीतील 'मी' मात्र बहुधा स्त्री. ही 'मी' आर्जव करते, रुसते, विरहाने झुरते. तिने 'नाही' म्हटले तरी ते लटके असते. त्या नकारात पुढच्या होकाराची ग्वाही असते. रसिकही तो तसाच ऐकायला शिकलेला असतो. तमाशातील गौळणीच्या भागात तर नकाराचे नाट्यच उभे राहते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दाण मागतात. गवळणी हुज्जत घालतात. त्यांच्या वतीने मावशी बोलते, आणि ही मावशी स्त्रीवेषातील पुरुष असते. शेवटी वाट मोकळी होते ती देवाच्या मर्जीने. या भागाची लज्जत नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक खेळाच्या आरंभी ज्या प्रेक्षकाला नकार म्हणजे नखरा हे नव्याने शिकवले जाते, त्याला खरा नकार ऐकू येईल कसा? काव्यसंकेत आणि व्यवहार यांचे नाते इतके थेट असते असे मी सर्वत्र म्हणणार नाही. येथे मात्र ते आहे, कारण लावणीचे शब्द आणि प्रेक्षकाची मागणी एकाच बैठकीत, एकाच स्त्रीसमोर येतात.

ढोलकी फड आणि संगीत बारी यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. फडाच्या तंबूत तिकीट काढलेल्या प्रत्येकाचा हक्क सारखा असतो. तो खेळ पाहण्याचा हक्क असतो. त्याहून अधिक काही तिकिटात येत नाही. संगीत बारीत, म्हणजे पुण्याच्या आर्यभूषणसारख्या थिएटरांत किंवा चौफुला, मोडनिंब येथील कला केंद्रांत, तिकिटानंतर फर्माईश येते, फर्माईशीबरोबर दौलतजादा येते आणि त्यापुढे खासगी बैठक. एकेका पायरीला सार्वजनिकता कमी होत जाते, कलावती आणि ग्राहक यांच्यातील अंतरही कमी होत जाते. भूषण कोरगांवकर यांच्या 'संगीत बारी' (2014) या पुस्तकाचे मोल असे की, त्यात कलावती नुसत्या सोसणाऱ्या म्हणून येत नाहीत. त्या गिऱ्हाईक पारखतात, वेळ मारून नेतात, कधी विनोदाने, कधी अदेने हात सोडवून घेतात. संकेताने हिरावलेला नकार त्या संकेताचीच भाषा वापरून परत मिळवतात. हे कौशल्य आहे, हक्क नव्हे. ज्या रात्री कौशल्य कमी पडते त्या रात्री मागे काहीच उरत नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (1935-2002) यांच्याविषयी सांगितली जाणारी हकिकत सर्वश्रुत आहे. खेळ चालू असताना त्या पडद्यामागे प्रसूत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ही कथा सर्वत्र कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. तिच्यातला दुसरा तपशील मात्र सांगताना गळतो. पुढे बसलेल्या प्रेक्षकांना प्रकार उमगला तेव्हा त्यांनीच खेळ थांबवला, असेही कथेत आहे. म्हणजे तिकिटाचा हक्क प्रेक्षकाने आपणहून सोडला. कलावतीने तो सोडायला लावला नाही. तशी तिला सोयच नव्हती. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या कलावतीची ही स्थिती असेल तर इतरांविषयी वेगळे सांगायला नको.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (1994) या आत्मकथनात अडसर निराळ्या ठिकाणी आहे. तेथे शिकू पाहणाऱ्या आईला शाळेतून काढून तमाशात घालणारा तिचा बापच आहे. चिरा उतरवण्याचा व्यवहार घरातले पुरुष ठरवतात, त्या पैशावर घर चालते. लेखकाने बापाऐवजी आईचे नाव लावले, ही या पुस्तकातील एक निर्णायक कृती होय. ग्राहक आणि कामगार अशा दोनच बाजू कल्पून हक्कांचा ताळमेळ घालू पाहणाऱ्या विवेचनाला हे पुस्तक अडचणीचे आहे. तिसरी बाजू घरात बसलेली असते आणि तिला ग्राहकाचा नकार परवडत नाही.

याउलट व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा' (1972) या चित्रपटात सर्व दोष मोहाचा आहे. हाइनरिश मान यांच्या 1905 च्या कादंबरीवरून 1930 मध्ये 'द ब्ल्यू एंजल' झाला आणि तेथून हे कथानक मराठीत आले. जर्मन मूळ कृतीचा रोख शिक्षकाच्या ढोंगी नैतिक सत्तेवर आहे. मराठी रूपात तमाशाला गावाबाहेर घालवणारा गुरुजीच शोकात्म नायक होतो. फडाची रोजी एका सज्जनाच्या शब्दावर बंद होऊ शकते, या गोष्टीवर चित्रपट रेंगाळत नाही.

2005 मध्ये महाराष्ट्र शासनाने नेमके तेच केले. मुंबई पोलीस अधिनियमात कलम 33अ आणि 33ब घालून डान्स बारमधील नृत्यावर बंदी आली. तिनतारांकित व त्यावरील हॉटेलांना मात्र सूट मिळाली. बंदीचे कारण स्त्रियांची प्रतिष्ठा हे सांगितले गेले. म्हणजे तेच नृत्य महाग पेय घेणाऱ्यासमोर प्रतिष्ठित आणि स्वस्त पेय घेणाऱ्यासमोर अप्रतिष्ठित! उच्च न्यायालयाने 12 एप्रिल 2006 रोजी ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 16 जुलै 2013 रोजी तो निर्णय कायम केला. त्यानंतर 2014 ची दुरुस्ती, 2016 चा स्वतंत्र कायदा आणि 17 जानेवारी 2019 चा निकाल अशी ही मालिका आहे. या मालिकेतील दोन तपशील समीक्षकाने वाचण्याजोगे आहेत. पहिला कठड्याचा : मंचाला तीन फूट उंचीचा कठडा आणि तेथून आसनांपर्यंत पाच फूट अंतर. दुसरा पैशांचा : 2019 च्या निकालाने नोटा उधळण्यावरील मनाई कायम ठेवली, पण बक्षिशीला मुभा दिली. उधळलेली नोट अपमानकारक, हातात दिलेली सन्मानाची, हा न्यायालयीन विवेक समजण्यासारखा आहे. परंतु दौलतजादेचा अनुभव याच्या उलट सांगतो. उधळलेला पैसा दुरून येतो; हातात धरलेली नोट घ्यायला कलावतीला ग्राहकापर्यंत चालत जावे लागते आणि हात तेथेच धरला जातो. फुटांत मोजलेले अंतर कायद्याने दिले; जवळ जावे की न जावे हे ठरवण्याची मुखत्यारी दिली नाही.

या संदर्भात काला अंबाचा परिसर आठवणे अप्रस्तुत ठरू नये. पानिपताच्या या स्मारकाशी मराठी मन पोवाड्याच्या वाटेने जोडलेले आहे, आणि पोवाडा व लावणी एकाच शाहिराच्या मुखातून आल्या. त्या भूमीवरचा लोकनाट्यप्रकार मात्र सांग. सोनीपतकडच्या पंडित लखमीचंदांनी गाजवलेल्या सांगात स्त्रीभूमिका पुरुषच करीत. तमाशातील नाच्या पोऱ्याची आठवण व्हावी अशी ही रीत. स्त्रीला मंचावर येऊच न देणे हा तिच्या सुरक्षिततेचा एक जुना उपाय. त्याच प्रांतासाठी झालेल्या 1914 च्या पंजाब अबकारी कायद्याने मद्य दिले जाते तेथे स्त्रियांना कामास ठेवण्यास मनाई केली होती. दिल्लीत लागू असलेली ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये अनुज गर्ग प्रकरणात घटनाबाह्य ठरवली : स्त्रीला धोका असेल तर धोका दूर करावा, स्त्रीला नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

आता खरी अडचण. एखाद्या कलावतीने दलित अथवा मुसलमान ग्राहकाची फर्माईश केवळ त्याच्या जातीधर्मामुळे नाकारली तर? केंद्राच्या मालकाने असे केले तर उत्तर स्पष्ट आहे. दार, आसन, तिकिटाचा खेळ हे सर्वांना खुले आहे आणि तेथे निवड चालणार नाही. मंचावरून सर्वांसाठी गायिली जाणारी फर्माईशही याच बाजूला पडते, असे माझे मत आहे. पैसे घेऊन एकाची लावणी गायची आणि दुसऱ्याची जात पाहून टाळायची, हे पाणवठ्याचेच राजकारण होय. स्पर्श, जवळीक आणि बंद खोलीतील बैठक यांविषयी मात्र कलावतीला कारण विचारण्याचा अधिकार कोणालाही असू नये, कारण वाईट असले तरीही. कारण सिद्ध करायला लावले की नकार संपतो. यात एखाद्या ग्राहकावर अन्याय होईल हे मान्य केले पाहिजे. तो अन्याय निषेधार्ह असला तरी देहावर सक्ती करून तो दुरुस्त होणार नाही.

स्त्री-प्रेक्षकांचा प्रश्न याहून सोपा वाटतो, पण नाही. 15(2) मध्ये लिंगाचाही उल्लेख आहे. तरी बारीच्या थिएटरात दीर्घकाळ बाईला प्रेक्षक म्हणून जागा नव्हती. केवळ स्त्रियांसाठीच्या लावणी-कार्यक्रमांनी आणि सावित्री मेधातुल व कोरगांवकर यांच्या रंगमंचीय 'संगीत बारी'ने हे चित्र बरेच बदलले. पुरुषांना वगळणाऱ्या प्रयोगांना 15(3) चा आधार देता येईल. पण कलावतीचा निर्धास्तपणा केवळ प्रेक्षकाच्या लिंगावर ठरत नाही. 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' (2012, शब्दांकन वैशाली रोडे) या आत्मकथनातील लक्ष्मी नारायण त्रिपाठी बारमध्ये नाचलेल्या आहेत. स्त्री-पुरुष या विभागणीत त्यांच्यासारखीला मंचावरही जागा शोधावी लागते आणि प्रेक्षागृहातही. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या कायद्याने सार्वजनिक सेवांतील भेदभावास मनाई केली आहे, म्हणजे दार उघडले आहे. मंचावर कोण कोणाच्या जवळ जाईल, याविषयी त्या कायद्यातही काही म्हटलेले नाही.