नवा फेडरर, नवा नदाल आणि मधला सोनेगो

2025च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दोन पोरांनी धमाल उडवली होती. ब्राझीलचा अठरा वर्षांचा जुआव फोन्सेका पात्रता फेरीतून आला आणि पहिल्याच सामन्यात त्यानं नववा मानांकित आंद्रे रुबलेवला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं. अमेरिकेचा एकोणीस वर्षांचा लर्नर टिएन, तोही पात्रता फेरीतलाच. त्यानं दानिल मेदवेदेवला पाच सेटमध्ये हरवलं तेव्हा मेलबर्नमध्ये पहाटेचे तीन वाजायला आले होते. दोन्ही निकालांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. पण त्या दोघांनाही त्याच स्पर्धेत पुढे कोणी हरवलं, हे फार थोड्यांना आठवत असेल. तो माणूस एकच होता, इटलीचा लोरेन्झो सोनेगो. फोन्सेकाला दुसऱ्या फेरीत पाच सेटमध्ये, टिएनला चौथ्या फेरीत. सोनेगोचा जन्म 1995चा. ‘उद्याचे तारे’ छापाच्या कुठल्याही यादीत तो नव्हता आणि आता असण्याचा प्रश्नच येत नाही.

तरुण खेळाडूंचं मूल्यमापन करण्याच्या आपल्या रीतीत नेमकी खोट कुठे आहे, ते मला या सोनेगोपाशी दिसतं. आपण पोरगं मोजतो ते त्यानं हरवलेल्या मोठ्या नावावरून. मोठ्या नावाविरुद्ध खेळताना गमावण्यासारखं काही नसतं, प्रेक्षक बाजूनं असतात, समोरच्याला तुमचा खेळ ठाऊक नसतो. सोनेगोविरुद्ध यातलं काहीच नसतं. तो तुमच्यावर दडपण आणत नाही, पण फुकटचे गुणही देत नाही. नेटपाशी येतो, ड्रॉप शॉट टाकतो, हसतो, पुन्हा सर्व्हिसला उभा राहतो. व्यावसायिक टेनिस म्हणजे वर्षातले बहुतेक आठवडे अशाच माणसांशी पडलेली गाठ. तिथे कोण कसा टिकतो हे पाहायला कंटाळा येतो, म्हणून कोणी पाहत नाही.

दुसरी खोड ‘प्रति’ लावण्याची. क्रिकेटमध्ये आपण प्रतिगावसकर आणि प्रतिसचिन शोधत दोन-तीन पिढ्या काढल्या. टेनिसनं तेच केलं. ग्रिगोर दिमित्रोवला ‘बेबी फेडरर’ म्हणून इतकं मिरवलं की तो स्वतः कसा खेळतो हे सांगायची वेळ आली तोवर त्याची तिशी आली. 2018 साली दक्षिण कोरियाच्या चंग ह्यॉननं मेलबर्नमध्ये जोकोविचला हरवून उपांत्य फेरी गाठली, तेव्हा त्याच्या बचावाची तुलना थेट जोकोविचशी झाली. पुढे दुखापतींनी त्याला असं घेरलं की आज ते नाव सांगितलं तर ‘कोण?’ असा प्रश्न येतो. तुलना ऐकायला गोड लागते. तोटा असा की आपण खेळाडूकडे बघण्याऐवजी त्याच्यात आधीचा कोणी दिसतो का ते शोधत बसतो.

फोन्सेकाचं सध्या हेच चाललंय. त्याचा फोरहँड मैदानाबाहेर ऐकू येईल असा आहे. 2024च्या डिसेंबरमध्ये जेद्दाहला नेक्स्ट जेन फायनल्स त्यानं एकही सामना न गमावता जिंकली. याच वयात ती स्पर्धा आधी सिनर आणि अल्कराझनं जिंकली होती, त्यामुळे गणित मांडायला कोणाला वेळ लागला नाही. त्यात तो ज्या स्विस कंपनीचे बूट घालतो तिच्यात फेडररची गुंतवणूक. म्हणजे वारसा सांगायला जाहिरातवालेही तयारच. 2025मध्ये त्यानं ब्यूनस आयर्सचं आणि बासेलचं विजेतेपद मिळवलं, हे लहानसहान नाही. पण त्याच वर्षी रोलाँ गॅरोवर तिसऱ्या फेरीत जॅक ड्रेपरनं त्याला तीन सेटमध्ये ज्या सहजतेनं आटोपलं, तो सामना पुन्हा बघण्यासारखा आहे. ड्रेपरनं काही चमत्कार केला नाही. त्यानं चेंडू खोल ठेवले, पोराला बाजूला ओढलं आणि तिथून तो काय करतो याची वाट पाहिली. फोन्सेकानं तिथूनही विजयी फटकाच मारायचा प्रयत्न केला. अडचणीत सापडल्यावर एक उंच, संथ, कंटाळवाणा चेंडू परत टाकून पुन्हा मध्यभागी येणं त्याच्या अंगात अजून मुरलेलं नाही. माझ्या मते त्याचा फोरहँड सिनरइतका जड आहेच. कमी आहे ती त्या फोरहँडपर्यंत धीरानं पोचण्याची, आणि ती भरून निघते की नाही हे बासेलसारख्या वेगवान, बंदिस्त कोर्टावर कळत नाही.

चेक प्रजासत्ताकाच्या याकुब मेन्शिकचं उलट. त्याच्याकडे सर्व्हिस आहे, आणि सर्व्हिस असली की माणूस कुठल्याही आठवड्यात कोणालाही हरवू शकतो. 2025च्या मार्चमध्ये मायामीत त्यानं अंतिम सामन्यात जोकोविचला दोन टायब्रेकमध्ये हरवलं आणि त्याचं शंभरावं विजेतेपद लांबवलं. तेव्हा मेन्शिक क्रमवारीत 54वा होता. दोनच महिन्यांनी पॅरिसमध्ये, दोन सेटची आघाडी असताना, पात्रता फेरीतून आलेल्या पोर्तुगालच्या हेन्रिके रोशानं त्याला हरवलं. तीन सेटचं टेनिस आणि पाच सेटचं टेनिस हे दोन वेगळे खेळ आहेत असं मी मानतो, आणि मेन्शिक अजून पहिलाच खेळतो.

मला खरी उत्सुकता आहे ती टिएनची. बघताक्षणी तो कोणाच्या मनात भरत नाही. उंची बेताची, सर्व्हिस साधारण, घामाघूम झालेला क्वचितच दिसतो. डावखुरा आहे, पण नदालसारखं चेंडूला फिरवून उंच उडवणं नाही. तो चेंडू लवकर घेतो, सपाट मारतो, आणि समोरच्याला जिथे जायचं नाही तिथेच पाठवत राहतो. मेदवेदेवविरुद्धच्या त्या सामन्यात चौथा सेट 1-6 असा गेला होता, सामना हातातून निसटलेला दिसत होता, आणि तरी पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये त्याची फटक्यांची निवड पहिल्या सेटसारखीच होती. महिन्याभरानं अकापुल्कोत त्यानं झ्वेरेवला हरवलं, 2025च्या अखेरीस मेत्झचं पहिलं विजेतेपद आणि पाठोपाठ नेक्स्ट जेन जिंकली. प्रशिक्षक मायकल चँग. 1989मध्ये सतराव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकणाऱ्या, उंचीनं कमी आणि डोक्यानं पुढे असलेल्या या माणसाइतका योग्य गुरू त्याला दुसरा मिळाला नसता.

तरीही बीजिंगच्या अंतिम सामन्यात सिनरनं टिएनला 6-2, 6-2 असं हरवलं. हा निकाल मी डोळ्याआड करत नाही. टिएनची सगळी हुशारी समोरच्याला अवघड चेंडू देण्यात आहे, आणि सिनरला तो अवघड चेंडू अवघड वाटतच नाही. दुसरी सर्व्हिस अधिक भेदक झाल्याशिवाय टिएन पहिल्या दहांत फार तर डोकावेल.

फ्रान्सचा आर्तुर फिस या यादीत बराच वर असायला हवा होता. 2025मध्ये पाठीच्या दुखण्यानं त्याचा हंगामच खाल्ला. हल्ली बहुतेक मास्टर्स स्पर्धा बारा-बारा दिवस चालतात आणि रॅलीतला प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनं मारायची रीत पडली आहे. त्यात एकविशीच्या पाठीचं काय होतं, हे फोरहँडचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर दिसत नाही. डॉमिनिक थीमचं मनगट फार जुनी गोष्ट नाही. 2020ची यूएस ओपन जिंकलेल्या त्या खेळाडूनं 2024मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी निरोप घेतला.

सिनरकडे मी पुन्हा पुन्हा जातो ते यासाठी की त्याच्याबद्दलचे सुरुवातीचे अंदाज बरोबर ठरले, पण कारणं चुकीची होती. फटक्यांची ताकद तर 2019मध्येही होती. 2022मध्ये त्यानं रिकार्दो पियात्तींसारखा घडवणारा प्रशिक्षक सोडला, सर्व्हिसची पद्धत बदलली. 2025च्या जूनमध्ये पॅरिसच्या अंतिम सामन्यात अल्कराझ चौथ्या सेटमध्ये 3-5, 0-40 असा मागे होता. विजेतेपदाचे ते तिन्ही गुण सिनरच्या हातून गेले, आणि 5 तास 29 मिनिटांनी सामनाही. पाच आठवड्यांनी विम्बल्डनला त्यानं त्याच अल्कराझला चार सेटमध्ये हरवलं. सप्टेंबरात न्यूयॉर्कला पुन्हा हरल्यावर आपला खेळ फार ओळखीचा झालाय असं तो स्वतःच पत्रकारांसमोर बोलला. मोडतोड करायची ही तयारी कुठल्या चाचणीत मोजायची? सतराव्या-अठराव्या वर्षी तर ती दिसतही नाही, कारण तेव्हा मोडावं असं काही तुटलेलंच नसतं.

पुण्याच्या मानस धामणेबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, ते म्हणूनच मला अस्वस्थ करतं. 2023च्या जानेवारीत बालेवाडीत, पंधराव्या वर्षी, वाइल्ड कार्डवर तो मुख्य फेरीत उतरला आणि अमेरिकेच्या मायकल मोहकडून दोन सेटमध्ये हरला. इटलीत पियात्तींच्या अकादमीत, सिनर जिथे घडला तिथे, तो शिकतो. एवढ्या भांडवलावर ‘भारताचा सिनर’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? त्याची खरी बातमी चॅलेंजर आणि त्याखालच्या स्पर्धांच्या निकालांत असते, रिकाम्या खुर्च्यांसमोर, तिशीतल्या एखाद्या सोनेगोच्या धाकट्या आवृत्तीशी तिसऱ्या सेटमध्ये 4-4 असताना. ते निकाल रोज संध्याकाळी लागतात.