संज्ञान, श्रवण आणि मौन : एका परिभाषेची चिकित्सा

एकाच माध्यमात अनेकांनी बोलावयाचे असता कोणी केव्हा बोलावे, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस बिनतारी जाळ्यांच्या शास्त्रात 'माध्यम-प्रवेश-नियंत्रण' म्हणतात. संभाषणातील पाळीची व्यवस्था हा भाषाशास्त्राचाही विषय होय. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली. म्हणूनच या शास्त्राची परिभाषा पारखून पाहण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकास काही अंशी पोचतो.

'संज्ञानशील रेडिओ' ही कल्पना जोसेफ मिटोला व जेरल्ड मॅग्वायर यांनी १९९९ मध्ये पुढे आणली. त्यांच्या मनातील यंत्र वापरणाऱ्याची गरज ओळखणारे, अनुभवातून शिकणारे होते. पुढील बहुतेक लेखनात मात्र हा अर्थ आक्रसला. आता संज्ञान म्हणजे इतकेच, की परवानाधारकाच्या पट्ट्यात कान लावावा, शांतता आढळल्यास प्रक्षेपण करावे आणि तो परतताच पट्टा सोडावा. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यांसाठी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८०२.२२ या मानकात, नीट ऐकता यावे म्हणून साऱ्या जाळ्याने मौन पाळण्याचे काळ राखून ठेवले आहेत.

येथे प्रश्न उपस्थित होतो : ऐकणे म्हणजे जाणणे काय? समोरासमोरच्या संभाषणात शांतता ही उभयतांची असते. मला ऐकू येणारे मौन श्रोत्यालाही ऐकू येते. बिनतारी माध्यमात तसे नाही. तेथे मौन स्थानिक असते. दोन प्रक्षेपक एकमेकांस ऐकू येत नाहीत, पण त्यांचे संदेश तिसऱ्याच्या ठिकाणी आदळतात, ही 'लपलेल्या स्थानकाची' अडचण टोबागी व क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच विवेचिली होती. त्याहून मूलगामी अडचण अशी, की ज्याचे रक्षण करावयाचे तो बोलणारा नसून ऐकणारा आहे. घरातील दूरचित्रवाणी संच स्वतः जवळजवळ काहीच प्रक्षेपित करीत नाही. जो बोलतच नाही, त्याचे अस्तित्व कान लावून कसे कळावे? मग उपाय म्हणून कान अतिशय तीक्ष्ण करावा लागतो. आणि तीक्ष्ण कान दूरचा क्षीण आवाज ऐकून, वस्तुतः वापरता येण्याजोगी जागाही सोडून देतो.

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. २००८ च्या नियमांत त्याने अशा यंत्रांस स्थाननिश्चिती, नोंदसंग्रहाचा आधार आणि श्रवण ही तिन्ही आवश्यक मानली. २०१० मध्ये नोंदसंग्रह पाहणाऱ्या यंत्रांवरील श्रवणाची सक्ती त्याने काढून टाकली. म्हणजे ज्ञान यंत्राच्या कानातून निघून नोंदवहीत गेले. ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात श्रवण टिकले आहे हे खरे; तथापि तेथेही नौदलाच्या रडारची चाहूल किनाऱ्यावरील स्वतंत्र संवेदक घेतात आणि पट्ट्यांचे वाटप मध्यवर्ती व्यवस्था करते.

यावर असे म्हटले जाईल, की संज्ञा ही केवळ खूण असते. तिच्या व्युत्पत्तीवर इमारत उभारू नये. हा आक्षेप सामान्यतः मान्य करावा लागेल. परंतु येथे नावानेच विचारास दिशा दिली आहे. प्रवेश-नियंत्रणाच्या अनेक रचना श्रवण निर्दोष आहे असे गृहीत धरून आरंभ करतात व त्यानंतर किती संदेश पार पडले याचे गणित मांडतात. सर्वांत अवघड प्रश्न अशा रीतीने गृहीतकातच सुटून जातो. 'संज्ञान' या शब्दाच्या भारदस्तपणामुळे ही उणीव नजरेआड होते.

म्हणून या विषयावरील कोणताही प्रबंध वाचताना विद्यार्थ्याने प्रथम इतके विचारावे : येथे जाणतो कोण, काय जाणतो, आणि ते कोठून जाणतो? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या रचनेत स्पष्ट मिळतात, तिला हे नाव शोभते. इतरांस 'श्रवणशील' म्हणणेच न्याय्य ठरेल. आणि त्यात कमीपणाही काही नाही.