रॉजर कॉर्मन : आपटलेल्या सिनेमाची गोष्ट
कॉर्मनचं नाव निघालं की आपण लगेच 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स'वर येतो. साल १९६०, आयता उभा असलेला सेट, दोनेक दिवसांत बहुतेक शूटिंग उरकलं, वगैरे. किस्सा झकासच आहे. पण मंडळी, त्या किश्शाआड दिग्दर्शक झाकला जातो.

त्याला ओळखायचं तर १९६२चा 'द इंट्रूडर' बघा. गोऱ्यांच्या शाळेत काळी मुलं येणार, आणि बाहेरून आलेला एक गोडबोल्या तरुण गाव पेटवतोय. हे काम विल्यम शॅटनरचं. 'स्टार ट्रेक' अजून चार वर्षं लांब होतं! कॉर्मन भावांनी स्वतःचे पैसे घातले, मिझुरीतल्या खऱ्या गावांत शूटिंग केलं, गर्दीत तिथलीच माणसं घेतली. म्हणून तर तो जमाव अंगावर येतो. भाड्याच्या गर्दीतून असे चेहरे मिळत नाहीत.

सिनेमा आपटला. मग त्याने ठरवलं, मुद्दा करमणुकीच्या पोटात दडवायचा. धंदा म्हणून बरोबरच. पुढे कोपोला, स्कॉर्सेसी त्याच्याकडे काम करून गेले, बर्गमनचा 'क्राइज अँड व्हिस्पर्स' अमेरिकेत त्याच्याच कंपनीने लावला. सगळं मान्य. पण इतकं थेट, इतकं चिडून त्याने पुन्हा काही केलं नाही. १९६४चा 'मास्क ऑफ द रेड डेथ' कितीही देखणा असला तरी.