‘मर्यादेत’ म्हणजे सुरक्षित काय? : पेयजलातील फ्लोराइडच्या निकषांची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन संशोधन-प्रकल्पांत भूजल-परीक्षणाचा विषय चांगलाच रुळलेला आहे. परिसरातील विंधन विहिरींचे नमुने घ्यावयाचे, प्रयोगशाळेत त्यांचे परीक्षण करावयाचे, आलेले आकडे भारतीय मानक आयएस १०५०० च्या तक्त्याशेजारी मांडावयाचे आणि ‘सर्व घटक अनुज्ञेय मर्यादेत असल्याने पाणी पिण्यास योग्य आहे’ असा निष्कर्ष नोंदवावयाचा, ही या लेखनाची ठरून गेलेली रीत. नमुने प्रामाणिकपणे घेतलेले असतात. परीक्षणही बहुधा काटेकोर असते. दोष शेवटच्या वाक्यात असतो. तुलनेसाठी कोणता आकडा निवडला, तो कोणाच्या शरीराचा विचार करून ठरला आणि तो आरोग्याविषयी काही सांगतो की केवळ सोयीविषयी, याचा ऊहापोह त्यात आढळत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइडबाधित गावे आहेत. तेथे या उणिवेचे परिणाम पाणी पिणाऱ्यांना भोगावे लागतात.

छाननी-पातळीचा अर्थ

पर्यावरणीय आरोग्यशास्त्रात आरोग्याधिष्ठित छाननी-पातळी ही एक स्वतंत्र संकल्पना आहे. एखाद्या दूषितकाचे प्रमाण या पातळीखाली असेल, तर गृहीत धरलेल्या परिस्थितीत अपाय संभवत नाही असे मानून तो घटक पुढील चौकशीतून वगळता येतो. प्रमाण पातळीच्या वर असेल, तर आजार होणारच असे मात्र सिद्ध होत नाही. अधिक खोल तपास करणे आवश्यक आहे, एवढेच ठरते. चाळणीचे काम निवडण्याचे. निवाडा पुढच्या तपासाने करावयाचा असतो. कायदेशीर मानकाचे स्वरूप याहून वेगळे असते. त्यात आरोग्याबरोबर शुद्धीकरणाचा खर्च, उपलब्ध तंत्र, मोजमापाची क्षमता आणि पर्यायी पाण्याची उपलब्धता यांचाही विचार मिसळलेला असतो.

अर्सेनिकचे उदाहरण हा भेद स्पष्ट करते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये अर्सेनिकचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे ५० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणले. परंतु मोजमापाच्या व शुद्धीकरणाच्या अडचणींमुळे ते तात्पुरते मानले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दहा लाखांत एक एवढ्या वाढीव कर्करोग-जोखमीवर आधारलेली छाननी-पातळी मात्र एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही खाली येते. अनेक ठिकाणचे नैसर्गिक प्रमाणच तिच्या वर असते. एकाच घटकाच्या या दोन आकड्यांतील अंतर शंभरपटीहून अधिक आहे. कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

एका तक्त्यातील दोन रकाने

आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत फ्लोराइडसमोर दोन मूल्ये दिली आहेत : स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १.० मिलिग्रॅम आणि अनुज्ञेय मर्यादा १.५ मिलिग्रॅम. दुसऱ्या रकान्याच्या शीर्षकातच ‘पर्यायी स्रोत नसल्यास’ अशी अट आहे. म्हणजे १.५ हा आकडा अडचणीच्या काळापुरती दिलेली सवलत आहे. प्रकल्प-अहवालांत मात्र अट गळून पडते आणि आकडा तेवढा उरतो. गावात पर्यायी स्रोत आहे की नाही, याची चौकशी न करताच सवलतीचा रकाना वापरला जातो. निकड दर्शविणारे मूल्य अशा रीतीने निर्धोकपणाचे प्रमाणपत्र बनते.

याउलट, त्याच मानकात नायट्रेटसाठी ४५ मिलिग्रॅमच्या पलीकडे सवलत नाही. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटू शकते, हा त्यामागील विचार आहे. तेथे सर्वांत दुर्बल शरीर डोळ्यांसमोर ठेवले गेले. फ्लोराइडच्या बाबतीत ते कोणते, हा प्रश्न अभ्यासकाने विचारावयास हवा.

गृहीतकांचे गणित

छाननी-पातळी काढण्याची मूळ रीत सोपी आहे. शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे रोज किती मात्रा निर्धोक, हे मूल्य वजनाने गुणावयाचे आणि रोजच्या पाण्याच्या लिटरांनी भागावयाचे. अमेरिकेच्या विषारी पदार्थ व रोगनोंदणी संस्थेने २००३ मध्ये फ्लोराइडच्या दीर्घकालीन सेवनासाठी प्रतिकिलो ०.०५ मिलिग्रॅम हे किमान जोखीम मूल्य दिले. अस्थिभंगाचे प्रमाण ज्या मात्रेला वाढलेले आढळले नाही, ती ०.१५ मिलिग्रॅमची मात्रा अनिश्चिततेपोटी तीनने भागून ते काढलेले आहे.

साठ किलो वजनाची प्रौढ व्यक्ती रोज दोन लिटर पाणी पिते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे नेहमीचे गृहीतक घेतल्यास उत्तर १.५ मिलिग्रॅम येते. संघटनेचे १.५ हे मूल्य या सूत्रातून आलेले नाही, तरीही हा मेळ बोलका आहे. आता पन्नास किलो वजनाची, उन्हाळ्यात शेतात राबताना रोज चार लिटर पाणी पिणारी मजूर स्त्री घ्यावी. तिच्यासाठी तेच सूत्र ०.६२५ मिलिग्रॅम सांगते. वीस किलोचे मूल एक लिटर पाणी पीत असेल, तर पातळी १.० येते. लिटरमागे १.४ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी अहवालात ‘मर्यादेत’ ठरते. पण त्या मजूर स्त्रीला त्यातून प्रतिकिलो ०.११२ मिलिग्रॅम, म्हणजे निर्धोक मानलेल्या मात्रेच्या दुपटीहून अधिक फ्लोराइड मिळते. त्याच पाण्यात शिजलेली डाळ आणि त्याच पाण्याचा चहा या हिशेबात धरलेलाच नाही. चहाच्या पानांत तर स्वतःचेही फ्लोराइड असते.

हवामानाचा विचार नवा नव्हे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९६२ मध्ये पाण्यात मिसळावयाच्या फ्लोराइडचे प्रमाण स्थानिक तापमानानुसार ०.७ ते १.२ मिलिग्रॅम असे ठरविले होते. उष्ण प्रदेशात माणूस अधिक पाणी पितो, हे त्यामागील साधे कारण. २०१५ मध्ये सर्वत्र ०.७ हे एकच प्रमाण सुचविण्यात आले.

कोणता अपाय गणावयाचा, यावरही आकडा बदलतो. अमेरिकेत १९८६ मध्ये ठरलेली ४.० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा अपंगत्व आणणारा अस्थि-फ्लोरोसिस टाळण्यापुरती होती. दातांच्या आवरणाची गंभीर हानी व अस्थिभंगाची शक्यता विचारात घेतल्यावर ती पुरेशी नाही, असा अभिप्राय तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये दिला.

एक आक्षेप

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. कडक निकष लावून हातपंप बंद केले आणि लोक उघड्या नाल्याच्या पाण्याकडे वळले, तर फ्लोराइड टळेल, पण अतिसार ओढवेल. हा आक्षेप पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थापनाला निश्चित लागू पडतो. सवलतीचा रकाना त्यासाठीच आहे. परंतु व्यवस्थापनाची तडजोड करावयाची असेल, तर ती तडजोड आहे हे दिसले पाहिजे. आरोग्याचा आकडा आणि सोयीचा आकडा एकाच शब्दाखाली झाकले गेले, की पर्याय शोधण्याची निकड संपते. नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेले तुरटी व चुन्याचे नलगोंडा तंत्र, पावसाचे साठविलेले पाणी, किंवा निदान पिण्यापुरता वेगळा स्रोत, यांची मागणी मग कोण करणार?

निष्कर्ष

भूजलावरील अभ्यासात किमान चार गोष्टी नोंदविणे आवश्यक ठरते : तुलनेसाठी घेतलेले मूल्य आरोग्याधिष्ठित आहे की नियामक, ते कोणत्या अपायावर व कोणत्या वयोगटावर आधारलेले आहे, त्यातील वजन व पाण्याचे प्रमाण स्थानिक लोकांशी जुळते की नाही, आणि वापरलेली परीक्षण-पद्धत त्या मूल्याहून कमी प्रमाण मोजू शकते की नाही. यांपैकी तिसरी नोंद रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिळणारी नाही. ती समाजशास्त्र, गृहविज्ञान व भूगोल या विभागांच्या सहकार्यानेच मिळू शकेल. उन्हाळ्यात कोण किती पाणी पिते, हे घरोघरी विचारल्याशिवाय नमुन्यातील आकड्याचा अर्थ लागत नाही. तोवर ‘अनुज्ञेय मर्यादेत’ एवढेच लिहून थांबावे. ‘म्हणून सुरक्षित’ हे शब्द त्यापुढे जोडण्यास पुरेसा आधार नाही.