पंखामागची जागा

नागपूरच्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, मूर्ती बघायची एक रीत आहे. गिऱ्हाईक समोर उभे राहते, जाणता माणूस मागे जातो. मागे तणस दिसते, सुतळीचे वेढे दिसतात, बांबू कुठे जोडला तेही दिसते. समोरचा तोल कशावर उभा आहे हे तिथेच कळते. जवळच्या इतवारीत वाढलेल्याला ही सवय लहानपणीच लागते. म्हणून नागपूर-मुंबई विमानात मी १९ नंबरच्या रांगेतली उजवी खिडकी मागतो. पंख आडवा येतो, जमीन अर्धीच दिसते, त्यामुळे ही जागा फारसे कोणी मागत नाही. पण पंख मागून बघायचा तर तो इथूनच.

मागच्या भाद्रपदात असाच निघालो. गणपती गेले होते आणि ओळीत देवीच्या मूर्तींवर माती चढत होती. डिसेंबर २०२२ पासून मेट्रो आमच्या अंगणातूनच जाते; चितार ओळी चौकातून सीताबर्डी, तिथे गाडी बदलून एअरपोर्ट. हातात एक पिशवी, तिच्यात सांबारवडीचा डबा. पुढचे हवाई अंतर जेमतेम ६८० किलोमीटर. विमान एअरबस ३२०, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या. नागपूरला विमानांच्या फेऱ्यांची ओळख जुनी आहे. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या गावी परत फिरत.

दुसरे इंजिन सुरू होताना पायाखालून कुत्रे भुंकल्यासारखा आवाज आला. शेजारचे काका दचकले. "मशीनमधी काही बिघाड तर नाही ना जी?" नाही. या विमानात तेलाच्या दाबाच्या वेगवेगळ्या यंत्रणा असतात. त्यांतल्या दोघींच्या दाबात फरक पडला की पोटातला एक पंप एकीची ताकद दुसरीला देतो, आणि हा आवाज त्याचाच. तो नीट ऐकू येतो तो पंखाजवळच्या रांगांत. मी काकांना सांगितले, हे ऐकायला मिळाले हे आपले नशीब.

मग धाव. इथे नजर पंखाच्या टोकावर ठेवावी. उभ्या विमानाचा पंख आपल्याच वजनाने किंचित ओघळलेला असतो. वेग वाढतो तसे टोक हळूहळू वर येते, आणि ते चाके सुटण्याच्या आधी. भार चाकांवरून पंखावर जातानाचा हा क्षण मला सगळ्या प्रवासात सर्वांत देखणा वाटतो. काही सेकंद विमान दोघांच्याही अंगावर असते. दीडेक हजार फुटांवर इंजिनाचा आवाज उतरतो, पोटात खड्डा पडतो, काही जण खुर्चीचे हात घट्ट धरतात. टोक मात्र तसेच उचललेले असते, त्याच्याकडे बघावे.

वर डबा उघडला. कोरड्या हवेत आणि कमी दाबात जिभेला मीठ-साखर कमी कळते; म्हणून विमानातले जेवण फिके लागते. सांबारवडीतला खसखस-खोबऱ्याचा गोडवा खरोखरच मागे पडला होता. लसूण आणि तिखट मात्र जागचे हलले नव्हते. काकांनी दोन घेतल्या.

उतरणीला लागल्यावर सह्याद्रीच्या अलीकडे खाली पांढरे ढग पसरले होते. दुपारचे ऊन डावीकडून, म्हणजे सावली आमच्या बाजूला. विमान उजवीकडे कलले आणि ढगावर आमचीच इवलीशी सावली दिसली, भोवती सप्तरंगी कडे. इंद्रवज्र! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्यासाठी लोक तासन् तास थांबतात तेच. जवळून बघण्यासारखी गोष्ट पुढे आहे. या कड्याचा मध्य विमानाच्या मध्यावर पडत नाही, तो बघणाऱ्याच्या डोळ्याच्या सावलीवर पडतो. पायलटला तो सावलीच्या नाकावर दिसतो, मला पंखाच्या जरा मागे दिसला. प्रत्येक खिडकीचे कडे वेगळे, आणि माझे बरोबर १९ व्या रांगेभोवती.

मग फ्लॅप बाहेर आले, एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, मागे सरकत आणि खाली वाकत. पंख आणि फ्लॅप यांच्यामध्ये एक अरुंद फट उघडली. खालची हवा त्या फटीतून वर येते आणि फ्लॅपची पाठ धरून वाहते, म्हणून एवढे जड विमान इतके सावकाश येऊ शकते. फ्लॅपची कड हलके थरथरत होती. ठाण्याची खाडी गेली, घाटकोपरची छपरे जवळ आली.

चाके टेकली त्याच क्षणी पंखाच्या पाठीवरच्या पाच झडपा ताडकन उभ्या राहिल्या. आता पंखाला उचलायचे नव्हते, भार पुन्हा चाकांवर टाकायचा होता. झडपांखाली पंखाचे पोट उघडे पडले: दांडे, नळ्या, बिजागऱ्या, वर्षानुवर्षांची तेलकट काजळी. तणस आणि सुतळीच. काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. विमान धावपट्टी सोडून वळले, झडपा मिटल्या, फ्लॅप आत गेले, आणि पंख पुन्हा समोरून बघितल्यासारखा गुळगुळीत झाला.